कुणाच्या वेळचं?

पुणे-सातारा महामार्ग सोडून लिंब गावाकडे वळलं की शेरीच्या शेतांत एक विहीर लागते. वरून पाहिलं तर जमिनीत नुसता मोठा दगडी खड्डा. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की विहिरीच्या पोटात चक्क एक लहानसा महाल. बारा मोटेची विहीर म्हणतात तिला, मोटांच्या जागा मोजल्या तर त्या पंधरा भरतात ही गोष्ट वेगळी. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांचे फोटो काढून झाले की एक प्रश्न हमखास निघतो : "कुणाच्या वेळची हो ही?" उत्तरं दोन ठरलेली. कुणी शिवकालीन म्हणतं, कुणी पेशवेकालीन. शिलालेखात मात्र शके १६४१ ते १६४६ असा काळ कोरलेला आहे. म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. बांधवून घेणाऱ्या वीरूबाई भोसले, थोरल्या शाहू महाराजांच्या घरातल्या. शिवाजी महाराजांना जाऊन तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. पेशवे होते, पण ते शाहूंचे प्रधान म्हणून. गादी सातारची, पैसा राजघराण्याचा, जागा राजधानीपासून हाकेच्या अंतरावर. तरी 'शाहूकालीन विहीर' म्हणायला कुणाची जीभ पटकन वळत नाही.

हीच विहीर इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यात असती तर तिथल्या माणसाला क्षणभरही अडायला झालं नसतं. 'जॉर्जियन' म्हणाला असता आणि पुढे गेला असता. कारण १७१४ साली पहिला जॉर्ज तिथल्या गादीवर आला, त्याच्यामागोमाग आणखी तीन जॉर्ज ओळीनं बसले, आणि १८३० पर्यंतची घरं, खुर्च्या, चांदीच्या किटल्या, चित्रं, कविता, सगळ्यांना मिळून एकच शिक्का बसला.

इंग्रजांना ही खोडच आहे. गादीवर जो बसेल त्याच्या नावाचं विशेषण तयार करायचं आणि सगळ्या देशाचा काळ त्यात कोंबायचा. पहिली एलिझाबेथ १५५८ ते १६०३, म्हणून 'एलिझाबेथन'. तिच्यामागून आलेला जेम्स. त्याचं विशेषण 'जेम्सियन' व्हायला हवं होतं, पण ते झालं 'जॅकोबियन', कारण लॅटिनमध्ये जेम्सचा जॅकोबस होतो. त्याचा मुलगा चार्ल्स. लॅटिनमध्ये कॅरोलस, म्हणून 'कॅरोलाइन'. मग थेट जॉर्ज मंडळी, १८३७ ते १९०१ 'व्हिक्टोरियन', आणि तिच्या मुलाची नऊ वर्षं 'एडवर्डियन'. 'जॅकोबियन'चा सख्खा वाटणारा 'जॅकोबाइट' हा मात्र पदच्युत दुसऱ्या जेम्सचा पक्षपाती, आणि 'जॅकोबिन' तर फ्रेंच राज्यक्रांतीतला. परीक्षेच्या पेपरात तिघांची अदलाबदल करणारे विद्यार्थी सांगली-साताऱ्यात काय, लंडनमध्येही सापडतील.

या सवयीच्या मुळाशी थोडी कारकुनीही आहे. इंग्लंडात कायद्याला साल घालायची पद्धत राजाच्या कारकिर्दीवरून होती. भारताचा कारभार कंपनीकडून काढून राणीकडे देणारा १८५८ चा कायदा त्यांच्या दप्तरात 'व्हिक्टोरिया २१ आणि २२, प्रकरण १०६' असा आहे. म्हणजे राणीच्या एकविसाव्या आणि बाविसाव्या वर्षात भरलेल्या अधिवेशनातला एकशेसहावा कायदा. भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा 'जॉर्ज सहावा, १० आणि ११, प्रकरण ३०'. राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. ही पद्धत १९६३ मध्ये बंद झाली, पण तोवर राजाच्या नावानं वर्षं मोजण्याची सवय हाडीमाशी खिळली होती.

सातारच्या दरबारातही राजाच्या नावाची कालगणना होती, पण तिची चाल वेगळी. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि राज्याभिषेक शक सुरू झाला. पुढे संभाजी, राजाराम, शाहू असे छत्रपती झाले तरी तो शक थांबला नाही आणि पुन्हा एकपासूनही सुरू झाला नाही. शाहू महाराजांच्या दरबाराचे कागद आजोबांच्याच राज्याभिषेकापासून वर्षं मोजतात. तेव्हा लिंबच्या विहिरीला शिवकालीन म्हणणारा इतिहासात चुकत असेल, पण दरबारी हिशेबानं तो फार चुकत नाही.

खरा प्रश्न 'पेशवाई'चा आहे.

१२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंनी साताऱ्यात स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. १७ एप्रिल १७२० ला त्यांनी मसूर मुक्कामी, म्हणजे आजच्या कराड तालुक्यात, एका तरुणाला पेशवेपदाची वस्त्रं दिली. तो बाजीराव. वीस वर्षं त्यानं मोहिमा केल्या, १७४० मध्ये गेला. नेमक्या याच सुमाराला लंडनमध्ये रॉबर्ट वॉल्पोल नावाचा मंत्री कारभार हाकत होता : १७२१ ते १७४२. इंग्लंडचा पहिला पंतप्रधान म्हणून त्याचंच नाव घेतात. पहिला जॉर्ज आणि दुसरा जॉर्ज या दोघांच्या राज्यात दोऱ्या याच्या हातात. दोन देश, दोन गाद्या, दोन प्रधान, आणि सालं जवळजवळ जुळलेली. पण इंग्रजांनी त्या काळाला वॉल्पोलशाही म्हटलं नाही, जॉर्जियन म्हटलं. मराठीनं शाहूशाही म्हटलं नाही, पेशवाई म्हटलं.

इंग्रजी नाव सिंहासन पाहतं, मराठी नाव कारभार पाहतं. दोन्हींमध्ये काहीतरी झाकलं जातं. मराठीनं जे झाकलं ते साताऱ्याला आजही थोडं बोचतं. अजिंक्यताऱ्याखाली राजधानी वसवणारा, एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ राज्य करणारा राजा, ज्याच्या नावानं शहराला शाहूनगर म्हणत, तो शालेय पुस्तकात बाजीरावाच्या धड्याची प्रस्तावना होऊन बसतो. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव यायचं, मग 'मुख्य प्रधान' म्हणून पेशव्याचं. वस्त्रं सातारहून आल्याशिवाय पुण्यात कुणी पेशवा होत नसे. अगदी दुसऱ्या बाजीरावालाही ती लागली. कागदावर क्रम बरोबर होता, बोलण्यात तो उलटला.

तिसऱ्या जॉर्जचं उदाहरण घेतलं तर ही गंमत आणखी ठसते. हा राजा ऑक्टोबर १७६० मध्ये गादीवर आला आणि जानेवारी १८२० मध्ये मेला. म्हणजे पानिपतच्या आधी तीन महिने आला आणि पेशवाई बुडाल्यावर दीड-पावणेदोन वर्षांनी गेला. नानासाहेबांचे अखेरचे दिवस, थोरले माधवराव, नारायणरावांचा खून, राघोबा, सवाई माधवराव, नाना फडणीसांची बारभाई, दुसरा बाजीराव, हे सगळं एकाच इंग्रज राजाच्या कारकिर्दीत बसतं. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नानांचा वाडा उभा आहे. त्याला कुणी 'तिसरा जॉर्जकालीन' म्हटलं तर मेणवलीकर त्याला चहासुद्धा विचारणार नाहीत. पण गंमत अशी की त्याला 'दुसरा शाहूकालीन' असंही कुणी म्हणत नाही. तेव्हा साताऱ्यात छत्रपती होते, त्यांचं नाव दुसरे शाहू होतं, १७७७ ते १८०८ ते गादीवर होते, ही माहिती चांगल्या वाचकालाही आठवून सांगावी लागते.

तिसऱ्या जॉर्जला शेवटी वेड लागलं. १८११ ते १८२० या काळात त्याचा मुलगा त्याच्या वतीनं कारभार पाहत होता, म्हणून त्या तुकड्याला इंग्रजीत 'रीजन्सी' असं स्वतंत्र नाव आहे. ब्रिजरटन ही मालिका रात्री जागून पाहणाऱ्या मुलामुलींना हा शब्द चांगला ठाऊक आहे : घोडागाड्या, नाच, लग्नं जुळवणाऱ्या आया. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्याही त्याच वर्षांत छापल्या जात होत्या. इकडे सातारच्या गादीवर प्रतापसिंह होते, १८०८ मध्ये बसलेले, वयानं कोवळे, आणि दुसऱ्या बाजीरावानं त्यांना जवळजवळ कैदेतच ठेवलं होतं. फेब्रुवारी १८१८ मध्ये अजिंक्यतारा इंग्रजांच्या हाती पडला, त्याच महिन्याच्या वीस तारखेला अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह बाजीरावाच्या छावणीतून इंग्रजांच्या छावणीत आले. लंडनच्या रीजन्सीत राजा वेडा होता म्हणून मुलानं राज्य केलं. साताऱ्यात राजा शहाणा होता तरी राज्य दुसऱ्यानं केलं.

नावांचा घोळ इंग्रजीतही आहे, पण मराठीनं तो आपल्या रीतीनं सोडवलाय. इंग्रज राजाला आकडा लावतात : पहिला, दुसरा, तिसरा. मराठी माणूस नातं लावतो. थोरले शाहू, थोरले बाजीराव, थोरले माधवराव. कुटुंबात जसं थोरल्या वाड्यातले आणि धाकट्या वाड्यातले असतात तसंच. अडचण फक्त गाव बदललं की होते. साताऱ्यात 'शाहू महाराजांच्या काळात' म्हटलं तर ऐकणारा अठराव्या शतकात जातो. कोल्हापुरात तेच वाक्य १८९४ ते १९२२ मध्ये नेऊन सोडतं, राजर्षी शाहूंच्या दारात. सांगली या दोन्हींच्या मधे. तिथल्या माणसाला आधी विचारावं लागतं, "कुठले शाहू?" 'आप्पासाहेबांच्या वेळी' याचंही तेच. साताऱ्यात आप्पासाहेब म्हणजे प्रतापसिंहांचे भाऊ शहाजी महाराज, सांगलीत आप्पासाहेब म्हणजे चिंतामणराव पटवर्धन. आणि दोघे बरीच वर्षं एकाच वेळी हयात होते!

इंग्रजीत काही राजांच्या वाट्याला तर विशेषणच आलं नाही. चौथा विल्यम १८३० ते १८३७ अशी सात वर्षं गादीवर होता. त्याचा काळ कुणी जॉर्जियनच्या शेपटीला बांधतं, कुणी व्हिक्टोरियनच्या उंबऱ्यावर बसवतं. ३ जानेवारी १८३१ ला सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात, नायगावला, सावित्रीबाई फुले जन्मल्या, त्या या बिननावाच्या काळात.

मग १८३७ मध्ये व्हिक्टोरिया आली. तिच्या नावाचा शब्द मराठीत जितका रुजला तितका दुसऱ्या कुठल्या इंग्रज राजाचा रुजला नाही. मुंबईत घोडागाडीलाच व्हिक्टोरिया म्हणू लागले. भायखळ्याची बाग राणीची बाग झाली आणि वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव देऊनही बोलण्यात राणीचीच राहिली. स्टेशन व्हीटी झालं. १९९६ मध्ये त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं तरी जुने प्रवासी अजून चुकून व्हीटीचं तिकीट मागतात. घाटावरच्या खेड्यांत राणी पोचली ती रुपयावरून. 'राणी छाप' रुपया म्हणजे खणखणीत चांदी. हंड्यात पुरायचा, सुनेच्या गळ्यातल्या माळेत ओवायचा. तिच्या नातवाच्या, पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयाची मात्र फजिती झाली. १९११ च्या नाण्यावर राजाच्या अंगावरच्या हारात हत्ती होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला आणि सरकारला नाणं मागे घेऊन हत्तीची सोंड नीट करावी लागली. राणीच्या वेळी असलं काही झालं नव्हतं.

पण साताऱ्याच्या अंगानं पाहिलं तर 'व्हिक्टोरियन' ही मोठी फसवी पिशवी आहे. राणी गादीवर आली तेव्हा साताऱ्यात प्रतापसिंह राज्य करत होते. शहराला रस्ते, शाळा, पाणी देणारा हा राजा ५ सप्टेंबर १८३९ ला कंपनीनं पदच्युत केला आणि काशीला धाडला. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे अर्ज, सभा, पत्रकं करत बसले. लंडनच्या धुक्यात, राणीच्या राज्यात, एक मराठी वकील चौदा वर्षं न्याय मागत फिरतो, हे दृश्य कुठल्याही इंग्रजी कादंबरीत शोभलं असतं. पण तिकडच्या कादंबरीकारांचं तिकडे लक्ष नव्हतं. दरम्यान १८४८ मध्ये शहाजी महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला आणि डलहौसीनं सातारा खालसा केला. डलहौसीच्या या खालसा धोरणाचा हा पहिला बळी. आठ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यातल्या गेंडामाळावर बंडाच्या आरोपाखाली सतरा जणांना देहदंड झाला. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळी. तोवर बोलण्यात 'कंपनी सरकार' होतं. 'राणीचं राज्य' आलं १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यानंतर. थोडक्यात, इंग्लंडात व्हिक्टोरियन काळ एका दिवशी सुरू झाला. साताऱ्यात तो सुरू व्हायला एकवीस वर्षं लागली.

सांगलीत तर तो त्या अर्थानं सुरूच झाला नाही. पटवर्धनांचं संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकलं. म्हणून सांगलीकर एखाद्या जुन्या वास्तूला 'संस्थानकाळातली' म्हणतात. कुणाच्या घरचा पाहुणचार भारी असेल तर 'संस्थानी थाट' म्हणतात. सातारकर तशाच इमारतीला 'इंग्रजांच्या वेळची' म्हणेल. वृत्तपत्रांना एवढ्या बारकाव्याला वेळ नसतो. त्यांचा शब्द एकच : 'ब्रिटिशकालीन'. २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेल्यापासून हा शब्द बहुतेक पुलाच्या मागे येतो, आणि त्यात कौतुक कमी, धास्ती जास्त असते. व्हिक्टोरिया, एडवर्ड, दोन जॉर्ज, सगळे मराठीनं एकाच पोत्यात भरले. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीही तेच केलं. त्यांच्या रियासतींची नावं पाहावीत : मुसलमानी रियासत, मराठी रियासत, ब्रिटिश रियासत. मराठी रियासतीच्या भागांवर मात्र माणसं आहेत, आणि विशेषणांसह आहेत : शककर्ता शिवाजी, उग्रप्रकृति संभाजी, स्थिरबुद्धि राजाराम, पुण्यश्लोक शाहू. इंग्रज राजाला आकडा मिळाला, आपल्या राजाला स्वभाव मिळाला.

नाटकवाल्यांकडे आलं की या विशेषणांची परीक्षाच होते. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी चिंतामणरावांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं. तारखेनं ते व्हिक्टोरियन नाटक. पण सूत्रधार, गणपती, सरस्वती, विदूषक आणि राक्षसांची आरडाओरड यात व्हिक्टोरिया कुठे बसवायची? सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' मराठीत आणलं, 'झुंजारराव' म्हणून, १८९० मध्ये. शेक्सपिअरला सगळे सरसकट एलिझाबेथन म्हणतात, पण ऑथेल्लोच्या प्रयोगाची पहिली नोंद १६०४ मधली, म्हणजे राणी गेल्यानंतरची. तेव्हा झुंजाररावाचा मूळपुरुष जॅकोबियन ठरतो. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, १८८३ मध्ये; ते मात्र एलिझाबेथन. आणि हे दोघे भाषांतरकार स्वतः कोण? सालं मोजली तर पक्के व्हिक्टोरियन. आगरकरांचा तर सगळा जन्मच, १८५६ ते १८९५, राणीच्या कारकिर्दीत गेला, आणि मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे आवडते लेखक अस्सल व्हिक्टोरियन. तरी मराठीत त्या काळाचं नाव आहे टिळक-आगरकरांचं युग. त्याआधीचं चिपळूणकरांचं, नंतरचं गांधींचं. परकी राणी गादीवर असताना मराठी माणसानं आपला काळ मासिकं आणि वृत्तपत्रं चालवणाऱ्यांच्या नावानं मोजला. या मोजणीला कुणाची मंजुरी लागली नाही.

सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. इंग्रजीत 'एडवर्डियन' म्हटलं की डोळ्यांपुढे मोठ्या टोप्या, हिरवळीवरचा चहा आणि युद्धाआधीची शेवटची निवांत दुपार येते. एडवर्डियन सांगलीकरानं लिहिलेल्या या नाटकात प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. त्याच वर्षी एडवर्ड वारला, आणि त्याच वर्षी औंध संस्थानाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना हलवून किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराला कुणी एडवर्डियन म्हटल्याचं ऐकिवात नाही.

राणीच्या मरणाचीही साताऱ्यात एक जवळची तारीख आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यातल्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं : भिवा रामजी आंबेडकर. शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. राणी वारली २२ जानेवारी १९०१ ला. म्हणजे बाबासाहेबांच्या सातारच्या शाळेतले पहिले शहात्तर दिवस व्हिक्टोरियन. ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. २२ जानेवारी तिच्यासाठी कुणी लक्षात ठेवत नाही.

अशी नावं नुसतं साल सांगून थांबत नाहीत, ती शेरा मारतात. १९१८ मध्ये लिटन स्ट्रॅची या लेखकानं व्हिक्टोरियन थोरामोठ्यांची चरित्रं लिहून त्यांची टोपी उडवली, आणि तेव्हापासून 'व्हिक्टोरियन' म्हणजे सोवळं, दांभिक, टेबलाच्या पायांनाही लाजणारं असा अर्थ चिकटला. मराठी समीक्षकही 'व्हिक्टोरियन' म्हणतात तेव्हा बहुधा हीच वृत्ती मनात असते. नुसता काळ सांगायचा असला तर 'व्हिक्टोरियाकालीन' लिहितात. 'पेशवाई'चं याहून टोकाचं झालं. एका घरात पेशवाई म्हणजे पगडी, पैठणी, केळीच्या पानावरचं डावं-उजवं. दुसऱ्या घरात पेशवाई म्हणजे जातीचा जाच, आणि सभेत 'नवी पेशवाई' म्हटलं की तो आरोप असतो. एकाच शब्दाचे दोन अर्थ एकाच गावात शेजारी शेजारी नांदतात. 'मोगलाई' तर राजघराण्यापासून सुटून केव्हाच बेबंदशाहीला मिळाली. "मोगलाई लागून गेली का?" असं खडसावणाऱ्या आजीला औरंगजेबाशी काही देणंघेणं नसतं.

खेड्यात गेलं की राजेच गळून पडतात. तिथे काळाला नाव मिळतं ते अंगावर आलेल्या गोष्टीचं. प्लेगची गाठ, १९१८ ची मानमोडी, बहात्तरचा दुष्काळ, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. "तू भूकंपाच्या आदल्या वर्षीचा" हे पाटण तालुक्यात जन्मतारखेचं पुरेसं उत्तर होतं.

आणि 'पत्री सरकारच्या वेळी'. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, आणि पुढच्या वर्षीपासून येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली गावोगाव प्रतिसरकारचा, म्हणजेच लोकांच्या तोंडच्या पत्री सरकारचा, अंमल बसला. न्यायदान मंडळं, तुफान सेना, गुंडांच्या तळपायांवर फटके. कुंडलच्या परिसरात सहाव्या जॉर्जचं राज्य नावापुरतंच उरलं. गंमत म्हणजे नाण्यालाही तेच कळलं असावं. युद्धात तांबं वाचवायला सरकारनं १९४३ मध्ये भोकाचा पैसा काढला. त्याच्यावर राजाचं तोंडच नव्हतं, नुसता मुकुट, आणि डोकं असायचं तिथे आरपार भोक. हा सगळा भाग तेव्हा सातारा जिल्हाच होता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून पत्री सरकार साताऱ्याचं की सांगलीचं, हा वाद लग्नाच्या पंगतीत अजून रंगतो.

इंग्लंडात एलिझाबेथ दुसरी २०२२ मध्ये वारली, तीही गेंडामाळाच्या तारखेलाच, आठ सप्टेंबरला, आणि तिसरा चार्ल्स आल्यावर तिकडच्या लेखकांनी नवं विशेषण झटकून काढलं : 'कॅरोलियन'. जुन्या चार्ल्सचं उष्टं, थोडं घासूनपुसून. ते मराठीत येईल असं वाटत नाही.

सांगलीला कृष्णेवर आयर्विन पूल आहे, पाचव्या जॉर्जच्या काळातला, व्हाइसरॉयच्या नावाचा, १९२९ चा. बांधला संस्थाननं, म्हणतात ब्रिटिशकालीन. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच्याजवळ पाण्यानं सत्तावन्न फुटांच्या वर उंची गाठली आणि अर्धं शहर पाण्यात गेलं. तेव्हापासून पाऊस वाढला की सांगलीकर सकाळी आधी "आयर्विनला किती?" विचारतो. गावभागातल्या जुन्या घराच्या भिंतीवर पाण्याच्या ओलीच्या दोन रेघा दिसतात, एक खाली, एक वर. "ही कुणाच्या वेळची?" विचारलं तर उत्तरात राजा येत नाही. "खालची दोन हजार पाचची, वरची एकोणीसची," असं सांगून घरमालक वीजमीटर कुठे हलवला ते दाखवायला लागतो.